गुड फ्रायडेचे दोन गोल : मँचेस्टर युनायटेडचा १९१४-१५ चा हंगाम

पहिले महायुद्ध आपल्या पाठ्यपुस्तकात दोन-तीन पानांत आटोपते. साराजेव्होचा खून, मित्र राष्ट्रे आणि त्यांचे शत्रू, खंदकांची लढाई, व्हर्सायचा तह. प्रश्नपत्रिकेत पाच गुणांचा प्रश्न येतो, मुले मुद्दे पाठ करतात आणि आम्ही शिक्षक गुण देऊन मोकळे होतो. त्या चार वर्षांत शनिवारच्या दुपारी सामान्य माणूस कुठे जात होता, कशासाठी टाळ्या वाजवत होता, कशावर आपल्या मजुरीतले पैसे लावत होता, याला त्या पानांत जागा नसते. खरे तर समाजाचे अंतरंग पुष्कळदा अशाच ठिकाणी दिसते. म्हणून या लेखात आम्ही एका इंग्रजी फुटबॉल क्लबच्या एका हंगामाची हकिगत मांडत आहोत.

क्लबचे नाव मँचेस्टर युनायटेड. हे नाव आपल्या वस्त्यांना अपरिचित नाही. मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या गल्ल्यांत या क्लबची लाल जर्सी घातलेली मुले सर्रास दिसतात. इंग्लंडचा नकाशा ज्याला काढता येणार नाही, तो मुलगाही ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ हे मैदान कुणाचे, हे झटकन सांगतो. पण या क्लबच्या चषकांच्या यादीमागे १९१४-१५ चा एक हंगाम दडलेला आहे. त्या हंगामात हा क्लब तळाशी होता, देश युद्धात होता आणि एका सामन्याचा निकाल मैदानात पाऊल पडण्याआधीच ठरलेला होता. बेइमानी कुणी केली, फायदा कुणाला झाला, शिक्षा कुणी भोगली आणि माफी कुणाला मिळाली, या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगवेगळी निघतात. आमच्या मते इतिहासाचा खरा धडा तिथेच आहे.

रेल्वे कामगारांचा क्लब

हा क्लब मुळात रेल्वे कामगारांचा. १८७८ साली मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातील रेल्वे डब्यांच्या कारखान्यातील कामगारांनी तो काढला. १९०२ साली तो दिवाळखोरीच्या काठावर असताना जॉन हेन्री डेव्हिस या दारूभट्टीच्या मालकाने पैसा ओतला आणि ‘मँचेस्टर युनायटेड’ हे नवे नाव मिळाले. पुढच्या दहा वर्षांत क्लबचे नशीब फिरले. १९०८ साली पहिल्या विभागाचे विजेतेपद, १९०९ साली एफ. ए. कप, १९१० साली ओल्ड ट्रॅफर्डचे नवे मैदान आणि १९११ साली पुन्हा विजेतेपद.

या यशात एका खेळाडूचा वाटा मोठा होता. त्याचे नाव सँडी टर्नबुल. हा स्कॉटलंडचा. आधी तो मँचेस्टर सिटीकडून खेळत असे. त्या काळी खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती. १९०१ सालापासून आठवड्याला चार पौंडांपेक्षा अधिक पगार कोणत्याही क्लबने द्यायचा नाही, असा नियम होता. सिटीने त्याहून जास्त पैसे दिले आणि १९०६ साली ते उघडकीस आले. सतरा खेळाडूंवर बंदी आली, त्यात टर्नबुल होता. बंदी संपताच १९०७ च्या जानेवारीत तो युनायटेडच्या लाल जर्सीत मैदानावर उतरला. १९०७-०८ च्या विजयी हंगामात त्याने लीगमध्ये २५ गोल केले. १९०९ च्या कप अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचाच. ओल्ड ट्रॅफर्डवरचा पहिला गोलही त्याच्याच नावावर आहे.

हजारो लोक तिकीट काढून येत, मालकांचे स्टँड बांधले जात, पण ज्याच्या पायांवर हे सारे चालले होते त्याला चार पौंडांच्या वर मिळणार नव्हते. कुशल कारागिराच्या मानाने ही कमाई चांगली होती, हे खरे. परंतु खेळाडूचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. गुडघा मोडला की धंदा संपला. शिवाय क्लबच्या मर्जीशिवाय दुसऱ्या क्लबात जाण्याची मुभा नव्हती. म्हणून डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली. तिच्या पुढाऱ्यांत बिली मेरेडिथ हा युनायटेडचा वेल्श खेळाडू होता. १९०९ साली फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफ. ए. ने, फर्मान काढले की संघटना सोडा, नाहीतर खेळणे सोडा. इतर क्लबांतील बरेचसे खेळाडू नमले. युनायटेडचे नमले नाहीत. त्यांचा पगार थांबला, मैदान बंद झाले. तेव्हा ते दुसरीकडे सराव करत राहिले आणि ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब’ अशी पाटी पुढे ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. अखेर असोसिएशनला तडजोड करावी लागली.

हा मागचा इतिहास सांगण्याचे कारण असे की पुढे जे घडले ते घडवणारी माणसे उडाणटप्पू नव्हती. आपल्या हक्कासाठी पगारावर पाणी सोडण्याची हिंमत त्यांनी दाखवलेली होती. अशी माणसे सहा वर्षांनी सट्ट्याच्या पैशासाठी का वाकली, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा ठरतो.

तोफा आणि शिट्टी

४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. क्रिकेटचा हंगाम आटोपता घेण्यात आला. रग्बी युनियनचे हौशी, सुखवस्तू घरांतले खेळाडू लष्करात दाखल होऊ लागले. व्यावसायिक फुटबॉल मात्र सप्टेंबरमध्ये ठरल्याप्रमाणे सुरू झाला. खेळाडूंचे करार झालेले होते, क्लबांची कर्जे होती आणि युद्ध नाताळपर्यंत संपेल अशी बहुतेकांची समजूत होती. असोसिएशनने युद्धखात्याला विचारले, तर त्या खात्याने खेळ बंद करण्याचा आग्रह धरला नाही. उलट मैदानावर जमणारी गर्दी सैन्यभरतीच्या भाषणांना उपयोगी पडेल, असाही हिशेब होता.

तरीही टीकेची झोड उठली. वृत्तपत्रांतून पत्रे छापून आली. फ्रेडरिक चॅरिंग्टन नावाचे दारूबंदीचे प्रचारक फुलहॅमच्या मैदानावर भाषण करायला उभे राहिले, तेव्हा त्यांना धरून बाहेर काढण्यात आले. फुटबॉल पाहणारे देशद्रोही, खेळणारे भेकड, असा सूर वाढत गेला. या टीकेत वर्गाचा भेद स्पष्ट दिसतो. घोड्यांच्या शर्यती चालू होत्या, नाटकगृहे चालू होती. बोट मात्र रोखले गेले ते मजुरांच्या खेळाकडे. ज्याच्या घरी शेतीवाडी आणि व्याज आहे त्याने खेळ सोडून बंदूक उचलणे आणि ज्याच्या पायांवर घर चालते त्याने ते करणे, या दोन गोष्टी सारख्या नव्हत्या. पण प्रचाराच्या गदारोळात हा फरक कोण लक्षात घेतो?

१५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा होऊन ‘फुटबॉल बटालियन’ उभी राहिली. तिचे लष्करी नाव मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन. क्लॅप्टन ओरिएंट या क्लबाचे खेळाडू तर घोळक्याने तिच्यात दाखल झाले.

याच हिवाळ्यात फ्रान्सच्या चिखलात आपलीही माणसे होती. लाहोर आणि मीरत या दोन हिंदी डिव्हिजन १९१४ च्या शरद ऋतूत तिथे पोचल्या होत्या. १० मार्च १९१५ रोजी न्यू शापेलची लढाई सुरू झाली. तीन-चार दिवसांत चार हजारांहून अधिक हिंदी सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांत शीख होते, गुरखे आणि गढवाली होते, पंजाबी मुसलमान आणि पठाणही होते. जखमींसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात इस्पितळ उघडण्यात आले. इंग्लंडमध्ये इंतकाल झालेल्या मुस्लिम सैनिकांसाठी वोकिंगच्या मशिदीजवळ स्वतंत्र कबरस्तान करण्यात आले. ती मशीद १८८९ सालची, भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या नावाची. आम्ही ज्या सामन्याविषयी सांगणार आहोत तो न्यू शापेलनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी झाला. इतिहासाची पाने वेगवेगळी छापली जातात, दिवस मात्र सर्वांवर एकच उगवतो.

तळाकडे घसरण

१९१४-१५ पर्यंत युनायटेडची जुनी रया गेली होती. क्लबला मोठे करणारे व्यवस्थापक अर्नेस्ट मँग्नल १९१२ साली शेजारच्या सिटीकडे निघून गेले होते. कर्णधार चार्ली रॉबर्ट्स १९१३ साली ओल्डहॅमला विकला गेला. मेरेडिथ चाळिशीला टेकला होता. टर्नबुलचा बहर ओसरला होता. हंगामाच्या मध्यावर, डिसेंबरमध्ये, जॉन रॉबसन नवे व्यवस्थापक म्हणून आले. कर्णधारपद पॅट्रिक ओकॉनेल या आयरिश खेळाडूकडे होते.

त्या काळी पहिल्या विभागात वीस क्लब असत. प्रत्येकाचे ३८ सामने. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. शेवटचे दोन क्लब दुसऱ्या विभागात ढकलले जात. वसंत ऋतू आला तेव्हा युनायटेड, चेल्सी आणि टॉटनहॅम ही तीन नावे तळाशी एकमेकांना खेटून होती. दुसऱ्या विभागात जाणे म्हणजे तिकीटविक्री घटणे आणि घटती तिकीटविक्री म्हणजे नव्या मैदानाचे कर्ज मानगुटीवर बसणे.

खेळाडूंपुढे याहून मोठी चिंता होती. युद्ध नाताळला संपले नव्हते. युद्धामुळे प्रेक्षक घटले होते, पगारांना कात्री लागली होती. हा हंगाम शेवटचाच, पुढच्या वर्षी लीग होणार नाही, हे जवळपास सर्वांना कळून चुकले होते. म्हणजे मे महिन्यापासून पगार बंद. पंचविशी-तिशीतल्या माणसाला ठाऊक होते की युद्ध संपेपर्यंत आपले पाय म्हातारे होतील. पुढे एकतर दारूगोळ्याचा कारखाना, नाहीतर खंदक.

२ एप्रिल १९१५

गुड फ्रायडेच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर लिव्हरपूलचा संघ आला. लिव्हरपूल गुणतक्त्यात मधल्या पट्टीत होते. त्यांना या सामन्यातून ना काही मिळवायचे होते ना गमवायचे. युनायटेडने २-० असा विजय मिळवला. दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनने केले, एक पूर्वार्धात, एक उत्तरार्धात.

निकालात विचित्र काही नव्हते, खेळात होते. युनायटेडला पेनल्टी मिळाली. ती कर्णधार ओकॉनेलने घेतली आणि चेंडू गोलपासून लांब भिरकावला. लिव्हरपूलच्या खेळात जोर नव्हता. बिली मेरेडिथसारख्या नामांकित खेळाडूकडे त्याचेच सहकारी चेंडू देत नव्हते. शेवटी शेवटी लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका गोलच्या आडव्या खांबावर आदळला, तर त्याचेच साथीदार त्याच्यावर वैतागले. गोल करायला धावणाऱ्याला शाबासकी मिळते, हे लहान पोरांनाही कळते. इथे उलटे घडत होते. प्रेक्षक हुर्यो करू लागले.

सामन्यानंतर गावभर हँडबिले फिरू लागली. त्यांतला आरोप असा की या सामन्यावर, नेमक्या २-० या निकालावर, मोठाल्या रकमा लागल्या होत्या. भाव होता एकास सात. म्हणजे एक पौंड लावला की सात पौंडांचा नफा. गल्लीबोळांतल्या सट्ट्यावर १९०६ च्या कायद्याने बंदी आलेली होती, तरी फुटबॉलचा सट्टा उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत घरोघरी पोचलेला होता. आता हिशेब करा. मर्यादेतला सर्वांत मोठा पगार आठवड्याला पाच पौंड. ज्याने पाच पौंड लावले, त्याला एका दुपारी पस्तीस पौंड, म्हणजे सात आठवड्यांचा पगार. पुढे पगारच नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाला या आकड्याची भुरळ पडली यात नवल नाही. भुरळ पडणे समजू शकते, पण तिचे समर्थन होऊ शकत नाही. जुगाराबाबत आपल्या घरांत लहानपणापासून जे बजावले जाते, त्यामागचे शहाणपण इथे दिसते. जुगार फक्त हरणाऱ्याचा खिसा कापत नाही, जिंकणाऱ्याचा कसबही तो विकत घेतो.

दुसऱ्याच दिवशी, ३ एप्रिलला, त्याच विभागात आणखी एक प्रसंग घडला. ओल्डहॅमचा संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता. मिडल्सब्रोच्या मैदानावर तो ४-१ ने मागे असताना पंचाने ओल्डहॅमच्या बिली कुकला बाहेर जायला सांगितले. कुक गेलाच नाही. सामना तिथेच थांबवावा लागला, निकाल ४-१ असाच धरला गेला आणि कुकवर बारा महिन्यांची बंदी आली. हंगामाच्या शेवटी एव्हर्टन ४६ गुणांनी विजेता ठरला आणि ओल्डहॅम ४५ गुणांवर राहिला. पंचाचे न ऐकणाऱ्यालाही शिक्षा झाली, पण त्याच्या चुकीत निदान लपवाछपवी नव्हती.

२४ एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवरच कपचा अंतिम सामना झाला. शेफिल्ड युनायटेडने चेल्सीला ३-० ने हरवले. प्रेक्षकांत इतके गणवेशधारी सैनिक होते की या सामन्याला ‘खाकी कप फायनल’ म्हणतात. कप देताना लॉर्ड डर्बी यांनी खेळाडूंना सांगितले की आता देशासाठी याहून कठोर खेळ खेळण्याची वेळ आली आहे. त्यानंतर लीग बंद झाली, ती चार वर्षे.

चौकशी आणि गणित

सट्टेबाजांनी पैसे द्यायला नकार दिला आणि माहिती देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. चौकशी बसली. डिसेंबर १९१५ च्या अखेरीस एफ. ए. चा निकाल आला. सामना ठरवून खेळला गेला होता, असा निष्कर्ष निघाला. सात खेळाडूंवर आजन्म बंदी घालण्यात आली. लिव्हरपूलचे चौघे : जॅकी शेल्डन, टॉम मिलर, बॉब पर्सेल आणि थॉमस फेअरफुल. युनायटेडचे तिघे : सँडी टर्नबुल, आर्थर व्हॉली आणि इनॉक वेस्ट. शेल्डन हा कटाचा सूत्रधार ठरला. तो पूर्वी युनायटेडकडूनच खेळलेला होता. विशेष असे की युनायटेडच्या तिघांपैकी त्या दिवशी मैदानावर फक्त वेस्ट होता. टर्नबुल आणि व्हॉली त्या सामन्यात खेळलेच नव्हते. गोल करणारा अँडरसन आणि मेरेडिथ यांच्यावर ठपका आला नाही.

आणि क्लब? दोन्ही क्लब निर्दोष ठरले. हे कारस्थान खेळाडूंनी सट्ट्यासाठी केले, क्लबांचा त्यात हात नव्हता, असे सांगून सामन्याचा निकाल कायम ठेवला गेला.

इथे आम्ही वाचकांना थोडे गणित करायला सांगतो. अंतिम तक्त्यात युनायटेड ३० गुणांनी अठरावा, चेल्सी २९ गुणांनी एकोणिसावा, टॉटनहॅम २८ गुणांनी विसावा. समजा, गुड फ्रायडेचा सामना बरोबरीत सुटला असता. युनायटेडचे गुण २९ झाले असते, चेल्सीइतकेच. गुण समान असले की केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. चेल्सीचे ५१ भागिले ६५, म्हणजे ०.७८. युनायटेडने एकूण ४६ गोल केले आणि ६२ खाल्ले. त्यांतले ते दोन गोल वजा केले तर ४४ भागिले ६२, म्हणजे ०.७१. युनायटेड एकोणिसावा. हरला असता तर प्रश्नच नव्हता. सरळ अर्थ असा की युनायटेड पहिल्या विभागात राहिला तो त्या दोन गुणांवर. खेळाडूंनी सट्ट्याचे पैसे कमावले असतील वा नसतील, क्लबने मात्र आपली जागा कमावली. ती कुणी काढून घेतली नाही.

१९१९ साली लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिला विभाग वीसवरून बावीस क्लबांचा करण्यात आला. चेल्सीवर अन्याय झाला हे सर्वांना दिसत होते, म्हणून चेल्सीला तिथेच ठेवले. उरलेल्या जागेसाठी मतदान झाले. टॉटनहॅमला ८ मते पडली आणि दुसऱ्या विभागात वर जाण्याच्या क्रमांकात नसलेल्या आर्सेनलला १८. आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस हे वजनदार गृहस्थ होते. आर्सेनल वर गेला, टॉटनहॅम खाली. एका शुक्रवारच्या बेइमानीची चौकशी झाली, सात माणसे त्यात बरबाद झाली. पण बंद दाराआडच्या मतांची मोजदाद कुठल्या तराजूत झाली?

माफी कुणाला?

बंदी आली तेव्हा इंग्लंडला खेळाडूंपेक्षा सैनिकांची गरज होती. टर्नबुल भरती झाला. आधी मिडलसेक्स रेजिमेंटमध्ये, नंतर ईस्ट सरे रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनमध्ये. ही तीच बटालियन, जिच्या शिपायांनी १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत कॅप्टन नेव्हिल यांनी दिलेले फुटबॉल पुढे लाथाडत जर्मन खंदकांवर हल्ला केला होता. नेव्हिल त्याच दिवशी मारले गेले. टर्नबुल ३ मे १९१७ रोजी आरासच्या लढाईत पडला. त्याला ओळखता येईल अशी कबर नाही. आरासच्या स्मारकाच्या भिंतीवर हजारो नावांत त्याचे नाव आहे.

१९१९ साली युद्धातील सेवेची दखल घेऊन बंद्या उठवण्यात आल्या. टर्नबुललाही माफी मिळाली, मृत्यूनंतर दोन वर्षांनी. शेल्डन पुन्हा लिव्हरपूलकडून खेळला. मिलरची कथा आणखी नवलाची. तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात निवडला गेला आणि पुढे चक्क मँचेस्टर युनायटेडकडूनच खेळला.

एकाला मात्र माफी नव्हती. इनॉक वेस्ट. १९१०-११ च्या विजयी हंगामात युनायटेडसाठी सर्वाधिक गोल करणारा हा खेळाडू. तो सुरुवातीपासून सांगत राहिला की मी निर्दोष आहे. नुसते सांगून थांबला नाही. १९१७ साली त्याने असोसिएशनविरुद्ध बदनामीचा दावा लावला. फ्रेड पॅग्नमने आपल्या जुन्या साथीदारांविरुद्ध साक्ष दिली. वेस्ट दावा हरला. इतरांच्या बंद्या उठल्या, त्याची राहिली. ती १९४५ साली उठली, दुसरे महायुद्ध संपल्यावर. तेव्हा तो ५९ वर्षांचा होता. तीस वर्षांची बंदी.

वेस्ट खरोखर दोषी होता का? न्यायालयाने त्याचे म्हणणे मानले नाही, हे खरे. पण समजा, तो दोषी होता. तरी त्याच कृत्यात दोषी ठरलेल्यांना चार वर्षे आणि याला तीस वर्षे, हा फरक गुन्ह्याचा नव्हे. तो गप्प बसला नाही, कोर्टात गेला, हाच फरक दिसतो. ज्यांनी मान खाली घातली ते सुटले. ज्याने मान वर केली त्याची मान तीस वर्षे दाबून ठेवली गेली.

आपल्याकडेही असे प्रकार झाले. २००० साली दक्षिण आफ्रिकेच्या हान्सी क्रोनिएने सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचे कबूल केले. त्याच वर्षी भारतीय क्रिकेट मंडळाने मोहम्मद अझरुद्दीन यांच्यावर आजन्म बंदी घातली. २०१२ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरवली. आमच्या पिढीने ते दिवस लहानपणी पाहिले. कट्ट्यावरची चर्चा एका खेळाडूवरून सुरू व्हायची आणि बघता बघता त्याच्या साऱ्या जमातीवर येऊन ठेपायची. क्रोनिएच्या धर्माची चौकशी मात्र कुणी केली नव्हती. गुन्हा एका माणसाचा असतो, त्याची झाडाझडती त्या माणसापुरतीच असली पाहिजे. इनॉक वेस्टची गोष्ट आम्हाला जवळची वाटते ती यामुळेच. शिक्षा सुनावणारे हात गुन्हा बघतात की माणूस, हा प्रश्न तिथेही होता, इथेही आहे.

याचा अर्थ आम्ही बेइमानीला पाठीशी घालतो असा नव्हे. त्या शुक्रवारी मैदानावर पॅग्नमही होता. त्यालाही तोच पगार, तीच युद्धाची छाया, तीच उद्याची भ्रांत. तरीही त्याने कटात सामील व्हायला नकार दिला आणि गोलकडे धाव घेतली. गरिबी आणि भीती माणसाला वाकवते, पण सर्वांना वाकवू शकत नाही. म्हणून दोष परिस्थितीवर ढकलून मोकळे होता येत नाही. मात्र न्याय करायचाच तर पूर्ण करावा लागतो. खेळाडूंच्या पगाराला कुलूप घालणारे, त्या दोन गुणांवर आपली जागा राखणारे आणि मतदानात हवी ती वाट काढणारे, या सर्वांची नावे त्याच पानावर लिहावी लागतात. नाहीतर सुक्याबरोबर ओलेही जळते आणि जाळणारा नामानिराळा राहतो.

त्याच खेळाडूंच्या संघटनेत एव्हलिन लिंटॉट नावाचा एक अध्यक्ष होऊन गेला. तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला आणि पेशाने शाळाशिक्षक होता. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, तो मारला गेला. फुटबॉल खेळणारे भेकड आहेत, असे लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यानंतर आपले शब्द मागे घेतले असतील?

युनायटेड १९२२ साली अखेर दुसऱ्या विभागात उतरलाच. सात वर्षांपूर्वी खोट्याने वाचवलेली जागा खऱ्या पराभवांनी गेली. पगाराची कमाल मर्यादा मात्र १९६१ सालापर्यंत टिकली. सात खेळाडूंवर आजन्म बंदी घालायला आठ-नऊ महिने पुरले होते. ज्या नियमाने त्यांच्या कष्टाची किंमत बांधून ठेवली, तो नियम बदलायला साठ वर्षे लागली. इतिहासाच्या तासाला मुलांना सनावळी पाठ करून घेताना आम्ही आता १९१५ च्या शेजारी हे दोन आकडेही फळ्यावर लिहितो.